पानी की पाणी?

गडचिरोली जिल्ह्यात वर्षानुवर्षं रेल्वे शिवायची ती फक्त आमच्या वडशाला. तिनेच केरळातून कॉन्व्हेंटच्या सिस्टर आल्या, सोबत इंग्रजीही. त्यांच्या शाळेत तोंडून मराठी निसटली की एक रुपया दंड.

आमची बोली झाडी. तिच्यात ण नाही, ळ नाही. आम्ही ‘पानी’ प्यायचो, ‘डोरे’ पुसायचो. सिस्टरच्या मल्याळममध्ये मात्र ण-ळ ठासून भरलेले. शिपायाकडे त्या ‘पाणी’ मागत ते थेट पुणेरी. ज्यांनी मराठीवर बंदी घातली, त्यांचेच उच्चार शाळेत सर्वांत शुद्ध!

दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू. रात्रभर मंडपात जागलेली पोरं सकाळच्या प्रार्थनेला डोळे मिटून उभी. सिस्टरना वाटे, केवढी ही भक्ती!

2024 मध्ये मराठी अभिजात झाली, तेव्हा आमच्या बॅचने ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पाडला, तोही इंग्रजीत. आता तीच मंडळी पोरांच्या प्रवेशासाठी कॉन्व्हेंटच्या फाटकाशी रांगेत दिसतात. रुपयाचा दंड गेला म्हणे. बरोबरच आहे, तो आता फीमध्येच धरलेला असतो.