आधी बुरशी, मग घोट

हिरोशिमाहून लोकलने निघालं की चाळीसेक मिनिटांत साइजो येतं. स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच लाल विटांची उंच धुराडी दिसू लागतात. हाकेच्या अंतरावर साके या तांदळाच्या मद्याचे सात कारखाने आहेत. त्यामुळे परदेशी पाहुण्यांच्या चालीत इथे अचानक चपळाई येते. कालपर्यंत देवळाच्या पायऱ्या पाहून गुडघे धरणारे गृहस्थ झेंडा धरलेल्या गाईडच्याही पुढे चालू लागतात.

गाईडचं काम माहिती देण्याचं, हे झालं कागदोपत्री. खरं काम पाहुण्यांना चाखण्याच्या टेबलापासून होईल तितका वेळ लांब ठेवण्याचं. पेले हातात आले की माहिती ऐकणारं कोणी उरत नाही.

या कामाला आदल्या रात्रीच सुरुवात होते. ‘उद्या सकाळी नाश्त्याला नात्तो खाऊ नका’ असा निरोप सगळ्यांना धाडावा लागतो. नात्तो म्हणजे आंबवलेलं, तार सुटणारं, वासानेच ओळख देणारं सोयाबीन. त्यातले जिवाणू भलतेच चिवट असतात आणि साकेच्या बुरशीवर कुरघोडी करू शकतात, म्हणून कारखानदार त्यांना उंबरठ्याबाहेर ठेवतात. एरवी नात्तोच्या वाटीकडे न बघणाऱ्या पाहुण्यांपैकी एखादा नेमका त्याच दिवशी ‘अनुभव म्हणून’ दोन वाट्या खाऊन येतो. त्याला बाहेर विहिरीपाशी उभं करून पाण्याचं महत्त्व सांगायचं, एवढंच मग गाईडच्या हाती राहतं.

विषय तसा वाया जाणारा नाही. मिउरा सेन्झाबुरो या इथल्याच आकित्सू भागातल्या माणसाने मृदू पाण्यातून चांगली साके कशी करायची ते खटपट करून शोधलं आणि 1898 मध्ये पुस्तक छापून सगळ्यांना सांगूनही टाकलं. धंद्याचं गुपित फुकट वाटणाऱ्या माणसाबद्दल पाहुण्यांना आदर वाटतो. पण तो अर्धा मिनिट टिकतो.

दुसरी अडचण हंगामाची. साके मुख्यतः थंडीत गाळतात आणि पाहुणे येतात चेरी फुलल्यावर. मुंबई-पुण्याकडच्या सहलीही तेव्हाच्याच. तोवर बऱ्याच ठिकाणी काम आटोपत आलेलं असतं. मग धुऊन पालथ्या घातलेल्या पिंपांसमोर उभं राहून ‘जानेवारीत इथे कशी वाफ उसळते’ याचं वर्णन करायचं. पाहुणे रिकाम्या पिंपाचे फोटो मात्र भक्तिभावाने काढतात. दारावरचा जपानी सीडरच्या पानांचा गोळा गांधीलमाश्यांचं पोळं नाही, हेही वेगळं सांगावं लागतं. नवी साके तयार झाली की तो हिरवागार टांगतात. महिने जातील तसा तो तपकिरी होत जातो.

खरी कसोटी लागते ती बुरशीशी. द्राक्षात साखर आयती असते, तांदळात नुसतं पिष्ट. त्या पिष्टाची साखर करते कोजी नावाची बुरशी. आणि एकाच पिंपात, त्याच वेळी, यीस्ट त्या साखरेचं मद्य करत असतं. एवढ्या दुहेरी संसारातून वीस टक्क्यांपर्यंत मद्यार्क उतरतो. पुढे पाणी घालून तो पंधरा-सोळावर आणतात. कोजीची खोली म्हणजे अगदी बाळंतिणीची खोली: उबदार, बंद, आणि रात्री-अपरात्री कोणीतरी पाय न वाजवता आत जाऊन बघून येणार. पाहुण्यांना ती काचेतूनच दिसते. ‘एवढे पैसे भरून बुरशी बघायची?’ हा भाव चेहऱ्यावर उमटायच्या आत गाईड युनेस्कोला पुढे करतो. कोजी वापरून साके करण्याच्या या विद्येला डिसेंबर 2024 मध्ये तिथली मान्यता मिळाली, हे ऐकल्यावर तीच बुरशी एकदम बघण्यासारखी दिसू लागते.

प्रश्न देशपरत्वे येतात. स्कॉटलंडचा पाहुणा विचारतो, किती वर्षं मुरवता? बहुतेक साके वर्षभरात प्यायची असते, हे ऐकून तो खचतो. दाइगिंजो या वरच्या प्रकारासाठी तांदळाचा निम्मा तरी भाग घासून काढतात, असं सांगताच मराठी बाईंचा प्रश्न तयार असतो, “मग उरलेल्या अर्ध्याचं काय करता?” त्या पिठाच्या कुरकुरीत चकत्या होतात, जनावरांचं खाद्य होतं, हे कळेपर्यंत त्या पुढच्या दालनात जायला तयार नसतात. तांदूळ घासणारं जपानमधलं पहिलं यंत्रबळावरचं यंत्र 1896 मध्ये याच गावात झालं, ही माहिती त्यांच्यामागून धावत धावत द्यावी लागते.

चौकस पाहुण्यांची परंपरा तशी जुनी आहे. तोक्योत शिकवणारे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ ॲटकिन्सन यांनी साके तापवून टिकवण्याची रीत पाहिली आणि 1881 मध्ये साकेच्या रसायनावर पुस्तकच लिहिलं. पाश्चरच्या तीनशे वर्षं आधीपासून जपानात ही रीत होती. थर्मामीटर नव्हताच. तापत्या साकेवर बोटाने ‘नो’ हे जपानी अक्षर जेमतेम काढता आलं की आच पुरे.

ओबामांना मात्र गाईड शेवटपर्यंत राखून ठेवतो. एप्रिल 2014 मध्ये तोक्योतल्या सुशीच्या दुकानात पंतप्रधान आबे यांच्याबरोबर त्यांच्यापुढे आली ती साइजोच्याच कामोत्सुरू कारखान्याची, सोन्याचा वर्ख तरंगणारी साके. बिचाऱ्या मिउरांचं पुस्तक एका बाजूला आणि ही बाटली दुसऱ्या बाजूला. कॅमेरे कुठे वळतात ते सांगायला नको.

आता टेबल. पेल्याच्या तळाशी निळी वर्तुळं असतात, साकेचा रंग आणि नितळपणा पारखायला. पाहुणे ती पेला रिकामा झाल्यावर पारखतात. गाडी चालवणाऱ्याला पाणीच, कारण जपानात त्याला पाजणाराही गुन्हेगार ठरतो. गाईडलाही पाणीच.

शेवटी खरेदी. मोठी बाटली 1.8 लिटरची. भारतात करमुक्त आणता येतं दोन लिटर. पहिल्या धारेपासून गप्प असलेले डोंबिवलीचे काका इथे पहिल्यांदा तोंड उघडतात आणि 180 मिलिलिटरचा छोटा पेला उचलून बायकोला म्हणतात, “अगं, हाही बसतो. वीस मिली उरतायत, त्यात काय मिळतं का विचार त्यांना.”