दाराला आकार, येणाऱ्याला नकार

भाचा लॅपटॉप घेऊन आला. वडाळ्यातल्या आमच्या फ्लॅटचं नूतनीकरण निघालंय आणि भाचा आर्किटेक्ट आहे. म्हणजे फी नाही. म्हणजे सल्ले भरपूर.

"मामा, दाराला कुठला आकार देऊ? कमान, षटकोन, की पिंपळपान?"

दाराला दाराचा आकार दे, म्हटलं. तो हसला. म्हणाला, "आजकाल दार म्हणजे स्टेटमेंट असतं." आमच्या पिढीत स्टेटमेंट बँक द्यायची. धडकी मात्र तेवढीच भरायची.

त्याच्या रेव्हिट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये दाराच्या प्रकाराला 'फॅमिली' म्हणतात. ती उघडायची, भिंतीतल्या चौकोनी भोकाची रेघ पुसायची, हवी तशी नवी ओढायची आणि रुंदी-उंचीच्या मापांशी बांधून टाकायची. मग माप ताणलं की आकारही ताणला जातो.

फॅमिली म्हटली की ताणाताणी आलीच.

या फॅमिलीतलं दार भिंतीच्या आश्रयाला असतं. भिंत पुसली की दारही आपोआप नाहीसं होतं. मुंबईत नेमकं उलटं. चाळ पडते, भिंतीचं डेब्रिज होतं आणि सागवानी दार ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात जाऊन उभं राहतं. तिथून एखाद्या हॉटेलात काचेखाली टेबल म्हणून आडवं होतं. ज्या दारात आजी तांदूळ निवडत बसायची, त्याच दारावर नातू तीनशे रुपयांची कॉफी पितो.

मग भाच्यानं रेव्हिटमधलं तयार, साधं दार दाखवलं. माप ९१५ बाय २१३४ मिलिमीटर.

२१३४? हा आकडा कुठल्या सुतारानं टेपवर धरला असेल? कुठल्याच नाही. अमेरिकेतल्या तीन फूट बाय सात फुटांचं ते मेट्रिक भाषांतर आहे. आमचा सुतार मिसरूड फुटल्यापासून 'सात बाय तीन'च म्हणतोय. त्याला कुणी इंटरनॅशनल म्हणत नाही, एवढंच.

दुसरं सॉफ्टवेअर आर्किकॅड. ते बुडापेस्टचं. त्यात मनासारखं दार करायचं तर आधी ते नकाशावर आडवं झोपवून रचायचं आणि 'दार' म्हणून जतन करायचं. भिंतीत बसवलं की उभं राहतं. भाच्याला हे फार भारी वाटतं. चौकट जमिनीवर आडवी टाकून ठोकायची, हे लालबागच्या सुताराला शिकवायला हंगेरीहून कोण आलं होतं?

असो. भाच्याचा जीव कमानीवर. आता कमान आली कुठून? लांब दगड दोन टेकूंवर आडवा ठेवला आणि वरून भार आला की तो मधोमध तडकतो. म्हणून लहान दगड गोलाईत रचून भार दोन्ही बाजूंना उतरवायचा. हौस नव्हती, नाइलाज होता. आता दारावर सिमेंट-सळईचा लिंटेल असतो, भार तोच घेतो. मग त्याखालची कमान कशाचा भार घेते?

हप्त्यांचा.

दाराला आकार येतो तो असा गरजेतून. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत लपवला, कारण शत्रूला त्यावर सरळ चाल करता येऊ नये. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला अणकुचीदार खिळे ठोकले, कारण हत्ती. त्यातच एक छोटी दिंडी ठेवली, कारण माणसं. दार करणाऱ्याचा पहिला प्रश्न एकच असायचा : येणार कोण?

भाच्याचं सॉफ्टवेअर रुंदी विचारतं, उंची विचारतं, लाकडाचा रंगसुद्धा विचारतं. हा प्रश्न विचारत नाही.

आणि नुसतं दार मोठं असून भागतं थोडंच? पंढरपूरच्या देवळाचं महाद्वार काय लहान आहे? दलितांना मात्र ते शतकानुशतकं पुरलं नाही. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणाला बसले, मग पुरलं. चौकट इंचभरही रुंदावली नव्हती.

आषाढीला आमच्या वडाळ्याच्या विठ्ठलाच्या रांगेत ताटकळताना आठवायला बरं असतं हे.

पुन्हा नकाशाकडे वळू. दाराशेजारी एक पाव वर्तुळ काढलेलं असतं. दार उघडताना जेवढी जागा झाडून घेतं, तेवढी ती. तीन फुटी दार असेल तर सात चौरस फूट. त्याला वडाळ्याच्या आजच्या भावानं गुणा आणि घोटभर पाणी प्या.

जुन्या दारांना दोन झडपा असायच्या, दीड-दीड फुटांच्या. दोन्ही मिळून झाडायच्या साडेतीन चौरस फूट. बरोब्बर निम्मी जागा! पणजोबांकडे सॉफ्टवेअर नव्हतं.

जागाही नव्हती.

पलीकडे नायगावच्या बीडीडी चाळी. १९२० च्या दशकातल्या. खोली १६० चौरस फुटांची. दार दिवसभर सताड उघडं, कारण हवा, उजेड, शेजारी आणि भांडण या सगळ्यांचा रस्ता तोच. पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर आहे, घरात संडास आहे. हवाच. चाळीचा गहिवर सगळ्यात जास्त कुणाला येतो? दोन संडासांच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना. तरी एक फरक राहतोच. चाळीच्या दाराला कान होते, फ्लॅटच्या दाराला एकच डोळा असतो.

तर भाच्यानं अखेर कमान पक्की केली. सोसायटीचं पत्र आलं : बाहेरून सगळ्यांची दारं एकसारखीच दिसली पाहिजेत. कमान मुकाट्यानं बेडरूमकडे सरकली. स्टेटमेंट आता फक्त घरच्यांसाठी.

सुतार आला. लॅपटॉपकडे ढुंकून न बघता त्यानं टेप लावली. वर तीन फूट, खाली पाऊण इंच कमी. "भिंत वाकडीय साहेब," म्हणाला. भाचा स्क्रीनकडे बघत राहिला. तिथली भिंत सरळ होती. तिथली भिंत कायमच सरळ असते.

तोडगाही सुतारानंच काढला. "दार सरळच बसवतो, वर पीओपीची कमान चिकटवू. कुणाला कळतंय?"

तीन आठवडे, दोन सॉफ्टवेअर, सतरा आकार. आणि शेवटी सात बाय तीन.

ठोकाठोकी सुरू झाली आणि बेल वाजली. डोळ्यातून पाहिलं. समोरचे शेजारी! चार वर्षांत पहिल्यांदाच आले होते. तक्रार घेऊन. आवाज फार होतो म्हणाले. बाहेरच उभे राहून बोलले, मीही आतूनच ऐकून घेतलं. मध्ये सेफ्टी डोअरची जाळी होती.

जाळी मात्र सुरेख आहे. षटकोनी.