ऊब, प्रतियुनिट

ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी घरांना मोक्षाची चिंता नाही. काशीत मरण आलं की तो ठरलेलाच. चिंता जानेवारीच्या बिलाची. धुक्यात सूर्यनारायण कित्येक दिवस तोंड दाखवत नाहीत, आणि २००० वॅटचा हीटर तासाला २ युनिट खातो. रोज सहा तास लावा, महिन्याचे ३६०. गीझर वेगळा. दरांचे टप्पेही असे, की जितकं जास्त कुडकुडाल तितका युनिट महाग. त्यात जुन्या वाड्यांना मधोमध उघडा चौक, म्हणजे स्वखर्चाने आपण थेट आकाशच तापवतो. (गंगेवरचं आकाश, तेवढंच पुण्य.) सळयांचा हीटर पुढून भाजतो, पाठ गारच.

"बंद करा ते, रजाई घ्या," काका गरजतात.

"रजाईत बसून पोळ्या लाटू?" काकू.

कोळशाची शेगडी स्वस्त खरी. पण दारं-खिडक्या लावून पेटवली तर खोलीत विषारी वायू साठतो आणि मोक्ष वेळेआधीच. चोवीस तास फुकट ऊब मणिकर्णिकेच्या चितांपाशी. तिथे मीटर नाही. तरी मुक्काम हलवायची घाई काकांनाही दिसत नाही.