आत येताना चप्पल, बाहेर पडताना किल्ली

महाराष्ट्रात दारू पिणं हा अधिकृतपणे आरोग्याचा विषय आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून शाबूत आहे आणि त्याच कायद्याखाली प्रकृती राखण्यासाठी म्हणून पिण्याचा परवाना मिळतो. एका दिवसाचा पाच रुपयांत, जन्मभराचा हजारात. बारमधल्या निम्म्या लोकांना आपण परवान्यावर पितो हे ठाऊकही नसतं.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलानं पोर्शेखाली दोन तरुण अभियंत्यांना चिरडलं, तेव्हा त्याला जामिनासाठी तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं गेलं. तो निबंध गाजला. पण पोलिसांनी सांगितलेला दुसरा आकडा मला जास्त वाचनीय वाटला: त्या रात्रीच्या पहिल्या पबमध्ये दीड तासात ४८,००० रुपये बिल. आपल्याकडे व्हिस्कीला पंचवीस वर्षं पूर्ण लागतात, बिअरला एकवीस. दीड तासात वयाचा दाखला कुणी मागितला नाही. बिल मात्र चोख मागितलं.

मग जे व्हायचं ते झालं. मालक-मॅनेजर आत, दाराला सील. त्याच वर्षी जुलैत वरळीला बीएमडब्ल्यूनं स्कूटरवरच्या कोळी जोडप्याला उडवलं, पत्नी गेली. चालक पंचविशीच्या आतला, म्हणून त्याला पाजणाऱ्या जुहूच्या बारला सील आणि वर महापालिकेचा हातोडा. तिथलं अनधिकृत बांधकाम पालिकेला नेमकं त्याच आठवड्यात दिसलं!

समजा, दोन्ही चालक सव्वीस वर्षांचे असते. मग? बारवाल्याचा केसही वाकडा झाला नसता. चाळिशीतल्या गृहस्थाला सहावा पेग द्या, ‘साहेब, गाडी आणू का’ विचारा, किल्ली हातात ठेवा. पुढच्या चौकात जे होईल ते साहेबांचं. मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाईचा दावा लागतो तो चालकावर, गाडीमालकावर, विमा कंपनीवर. बारचं नाव त्या कागदावर सहसा येतच नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत तर्र दिसणाऱ्या गिऱ्हाइकाला पाजलं, तर मेलेल्याच्या घरचे बारवर दावा लावू शकतात. म्हणून तिथले बार त्याचाही विमा उतरवतात आणि ‘आता पुरे’ कसं म्हणायचं हे नोकरांना शिकवतात. अमेरिकन माणूस फार सज्जन आहे असं नाही. विम्याचा हप्ता भल्याभल्यांची उतरवतो.

आपले बारवाले म्हणतात, गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणणार? धंदा आहे. शिवाय कोण किती प्यायलाय हे आम्ही काय फुंकर मारायला लावून बघायचं?

नका बघू. पण नाही म्हणता येत नाही, हे काही पटत नाही. शनिवारी रात्री चांगल्यापैकी पबच्या दारात उभं राहून बघा. चप्पल घालून आलात, नाही. हाफ पँट, नाही. बरोबर बाई नाही, मग तर अजिबातच नाही. दारातल्या बाउन्सरला अंगठ्याचं नख दिसतं, गुडघा दिसतो, एकटा पुरुष तर कोसावरून दिसतो. लटपटणारे पाय तेवढे दिसत नाहीत, कारण ते बाहेर निघालेले असतात. बिल भरून.