किरकोळ खर्च

दिव्यांगांना संशोधनात सामावून घ्यायचं, तर आधी परदेशी विद्यापीठाशी करार हवा. त्यासाठीची केंद्राची ‘स्पार्क’ योजना २०१८ची. आपल्या धाराशिवचं नाव आकांक्षित जिल्ह्यांत आलं तेही २०१८लाच. योग तर जुळलाय! आता अंदाजपत्रक मांडू: पाहुण्या प्राध्यापकांचं विमानभाडं, तुळजापूरदर्शन, समारोपाचं जेवण. भूमहून कुबड्या घेऊन येणारा ‘किरकोळ’ रकान्यात. एसटीत त्याला ७५ टक्के सवलत आहेच, तेवढीच आपली बचत. बसची उंच पायरी मात्र त्याने पूर्ण दरात चढायची. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखल्यात, म्हणून तो सहसंशोधक व्हायला बघेल. त्याला समजवा, बाबा रे, तू नमुना आहेस. नमुन्याने संमतीपत्रावर सही करायची, अंगठाही चालेल. मानधनाचं पुढच्या टप्प्यात बघू.