बुडबुड्यांची नोकरी

बदलापुरात राहून अंबरनाथच्या एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या केमिस्टला दोन प्रश्न चुकत नाहीत. पहिला रात्री अकरानंतरचा : “हा वास कसला हो?” दुसरा लग्नकार्यातला : “तुम्ही कंपनीत नक्की करता काय?” पहिल्याला मी “आमचा नाही” एवढंच सांगतो, एमआयडीसीतला प्रत्येक जण तेच सांगतो. दुसऱ्याचं खरं उत्तर ‘बुडबुडे सोडतो’ असं आहे, आणि ते सासुरवाडीत देता येत नाही.

या कामाचं पुस्तकी नाव स्पार्जिंग. आमचे ऑपरेटर म्हणतात बबलिंग. रिॲक्टरच्या तळाशी बारीक भोकांची नळी असते, तिच्यातून नायट्रोजन सोडायचा. द्रवात विरघळलेला ऑक्सिजन कधी कधी अख्ख्या बॅचची माती करतो. त्याला बाहेर काढायचं. गंमत अशी, की नायट्रोजन त्याला ढकलत नाही. बुडबुड्यात ऑक्सिजन नसतोच, म्हणून द्रवातला ऑक्सिजन आपणहून तिकडे धाव घेतो. रिकामी बदलापूर लोकल लागली की फलाट कसा आपोआप मोकळा होतो, तसं. विल्यम हेन्रीने यामागचा नियम 1803 साली मांडला. कल्याणला रेल्वे आली 1854 साली. आधी आली असती तर त्याचा प्रयोगशाळेचा खर्च वाचला असता.

बुडबुडे बारीक हवेत आणि सावकाश हवेत. पण प्रॉडक्शनवाल्यांना घाई. त्यांनी व्हॉल्व्ह पुरता उघडला की मोठाले बुडबुडे भसाभस वर येतात, ऑक्सिजन जेमतेम उचलतात आणि जाताना सॉल्व्हंट मात्र सोबत नेतात.

त्याच कुंपणात पलीकडे ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट. तिथला माणूस ब्लोअर लावून सांडपाण्यात हवेचे बुडबुडे सोडतो, का तर घाण खाणाऱ्या जीवाणूंना लिटरमागे दोनेक मिलिग्रॅम ऑक्सिजन मिळावा. मी ऑक्सिजन घालवायचा पगार घेतो, तो आणायचा. दुपारी दोघं एकाच टेबलावर जेवतो. अंबरनाथच्या 1060 सालच्या शिवमंदिराला लागून उल्हासनगरकडे जाणाऱ्या वालधुनी नदीला मात्र फेस आणायला स्पार्जरही लागत नाही, नि पगारी माणूसही.

माझी सासुरवाडी उल्हासनगरची, चार नंबर कॅम्पातली. तिथे माझी पत अचानक वाढली ती हॉटेल मॅनेजमेंट शिकणाऱ्या मेहुण्यामुळे. त्याने जेवताना जाहीर केलं, “बिअर बनवतानाही स्पार्जिंग करतात.” खरंच करतात. भिजवलेल्या माल्टमधला गोड रस काढून घेतला, की चोथ्यावर साधारण 75 अंशांचं पाणी शिंपडून उरलीसुरली साखर धुऊन घेतात. पाणी फार तापलं तर सालींचा तुरटपणा उतरतो. तिथेही घाई नडतेच.

सासूबाईंनी वाढता वाढता हात आखडला. सासरे मात्र सोफ्यावरून सरकत माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “जावईबापू, थोडं सॅम्पल मिळतं का हो घरी आणायला?”

“मिळतं की, बाबा. आमच्याकडे फक्त नायट्रोजन असतो. खिडकी उघडा, 78 टक्के तोच आहे. हवा तेवढा घ्या.”