मुखत्यारपत्रातला ‘व्हेअरॲज’

अडाजणचा फ्लॅट विकायचा असतो आणि मालक न्यू जर्सीत. मग कुलमुखत्यारपत्र निघते नि सुरतेतला मावसभाऊ ते नोटरीच्या टेबलावर ठेवतो. पहिलीच ओळ साऱ्या मनुष्यजातीला उद्देशून : ‘नो ऑल मेन बाय दीज प्रेझेंट्स’. मनुष्यजात तेव्हा बाहेर रांगेत चहा पीत असते. पुढे ‘व्हेअरॲज’, त्याखाली ‘अँड व्हेअरॲज’, मग आणखी एकदा ‘अँड व्हेअरॲज’. पान उलटले तरी वाक्य संपत नाही. मावसभाऊ मधला मजकूर ओलांडून थेट तळाशी येतो आणि विचारतो, ‘सही क्यां करवानी?’

खुद्द इंग्रजांनी असला जुना पसारा केव्हाच आवरायला घेतला. ‘इफ आय वेअर’मधला सबजंक्टिव्ह, म्हणजे आपल्या संकेतार्थ-विध्यर्थाच्या भाऊबंदांतला, आता मरणपंथाला लागला आहे, असे कोशकार फाउलरने १९२६ मध्ये नोंदवले. कादंबरीकार सॉमरसेट मॉमने १९४९ साली छापलेल्या टिपणवहीत त्याला एकदाचे सोडवा म्हणून सुचवले. लंडनमध्ये आज ‘इफ आय वॉज’ म्हटल्याने कोणाची भुवई हलत नाही. ‘गॉड सेव्ह द किंग’मध्ये ‘सेव्ह’ला ‘एस’ न लावता तो उभा आहे, तो राजाच्या वशिल्याने.

सुरतेला मात्र हे कोणी कळवलेच नाही. ईस्ट इंडिया कंपनीने १६१३ मध्ये इथे वखार घातली आणि १६८७ मध्ये आपली गादी मुंबईला हलवली. उभयान्वयी अव्यये न्यायची राहून गेली असावीत.

त्यांची निगा राखायला पुढे थेट मराठीचे पाणिनी आले. १८४० च्या दशकात दादोबा पांडुरंग तर्खडकर सुरतेच्या इंग्रजी शाळेत होते. १८३६ मध्येच मराठीचे व्याकरण छापून मोकळे झालेले दादोबा इथे गुजराती पोरांना इंग्रजी शिकवत, आणि १८४४ मध्ये समाजसुधारक दुर्गाराम मेहताजींबरोबर मानवधर्म सभा स्थापून भुताखेतांचे नि मंत्रतंत्रांचे पितळ उघडे पाडत. त्या पिढीच्या हाती इंग्रजी व्याकरण म्हणजे लिंडली मरे. हा मरे मूळचा न्यूयॉर्कचा वकील. १७९५ साली यॉर्कच्या मुलींच्या शाळेसाठी त्याने ते पुस्तक लिहिले. ‘इफ’, ‘दो’, ‘अनलेस’ यांच्या पाठीमागे क्रियापदाने मान केव्हा लववायची, याचे नियम त्यात आहेत. वकिलाचे व्याकरण फिरून वकिलाच्याच टेबलावर आले. मधली हमाली शाळांनी केली. मानवधर्म सभेने भुतांशी दोन हात केले, पण ‘नॉटविथस्टँडिंग’ला कोणी हात लावला नाही. भारतीय कायद्यांत ते आजही कलमाच्या तोंडाशी ठाण मांडून असते. बाकीचा कायदा काहीही म्हणो, चालेल ते माझेच, एवढे ठणकावणे हेच त्याचे काम.

स्टॅम्पपेपरातून उरलेले इंग्रजी स्पर्धा परीक्षांनी सांभाळले आहे. सुरतेच्या लिंबायत-उधन्यात खानदेशी मंडळींची मोठी वस्ती आहे. तिथला पोरगा बँकेची परीक्षा देतो आणि ‘चूक ओळखा’पाशी अडतो : ‘वॉक केअरफुली लेस्ट यू शुड नॉट फॉल’. त्याला यात वावगे काहीच दिसत नाही. ‘पडू नयेस म्हणून जपून चाल’ असे ऐकत वाढलेल्याला ‘नॉट’ हवाच वाटतो. पण ‘लेस्ट’च्या पोटात नकार आधीच आहे, त्यामुळे ‘नॉट’ आला की गुण गेला. ‘नो सूनर’ला ‘व्हेन’ चालत नाही, ‘दॅन’च लागतो. ‘हार्डली’ला नेमका ‘व्हेन’ लागतो, ‘दॅन’ वर्ज्य. पत्रिका जुळवणारे गुरुजी एवढे कडक नसतात. घरी बाप म्हणतो, ‘कापडाला उठाव असता, तर शेठने बोनस दिला असता.’ हा संकेतार्थ निर्दोष आहे. त्याला कोणतेही मंडळ गुण देत नाही, आणि शेठ बोनसही.

पोरगा ‘लेस्ट’ घोकतो, लेखी परीक्षा काढतो, बँकेत लागतो. त्या काउंटरवर ‘लेस्ट’ म्हणण्याची पाळी त्याच्यावर निवृत्तीपर्यंत येत नाही. तिथे रोज एकच वाक्य पुरते : ‘सर्व्हर डाउन छे, लंच पछी आवजो.’